दोषाची सवलत



टीव्हीवरील विनोदी कौटुंबिक मालिका आणि त्यांतील सदोष माणसे, हा विषय चालकांनी आज आमच्या वाट्याला दिला आहे. युनियनच्या माणसाने वेतनकरारावर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे, त्याचा मालिकांशी काय संबंध, असे पोलादपुराहून आलेल्या एका स्नेह्याने आम्हांला मघाशी दारातच विचारले. त्यांना आमचे उत्तर असे की, गेली तीस वर्षे आमचा सारा व्यवहार सदोष माणसांशीच आहे. निर्दोष माणूस युनियनच्या कचेरीची पायरी सहसा चढत नाही. त्याला तशी गरजच पडत नाही. दुसरे असे की, महाडच्या बाजारपेठेत काय किंवा पोलादपूर तालुक्यातल्या डोंगराच्या कुशीतील वाडीवर काय, रात्रीचे जेवण हल्ली टीव्हीसमोरच होते. त्या पडद्यावर रोज कोणाला माफी मिळते आणि कोणाला मिळत नाही, ही आमच्या मते सार्वजनिक महत्त्वाची बाब आहे.

आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा साहित्यशास्त्राच्या परिभाषेत आम्ही बोलणार नाही. प्रेक्षक म्हणून जे दिसले ते मांडतो.

आपल्यापैकी पुष्कळ वडीलधाऱ्यांची तक्रार असते की, मालिकांतून आदर्श नाहीसे झाले. नायक खोटे बोलतो, सासरा चोरून खातो, पोरगा अभ्यास बुडवतो, आणि आपण हसतो. यातून मुले काय शिकणार? ही तक्रार प्रामाणिक आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट विसरली जाते. मराठी माणसाने टीव्हीवर ज्या पहिल्या घरावर जीव टाकला ते घर मुळी दोषांचेच होते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे पाच वर्षांनी, १९७७ साली, चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. जोशींनी ही माणसे निर्माण केली त्याला तेव्हाच चार दशके उलटून गेली होती, तरी ती शिळी वाटली नाहीत. आता चिमणराव पाहा. पेशाने कारकून. स्वभावाने भित्रा, बढाईखोर, आपल्या हुशारीवर नको इतका विश्वास असलेला. बेत करावा आणि तो अंगाशी यावा, हा त्याचा नित्यक्रम. गुंड्याभाऊ अंगापिंडाने दणकट, तोंडाने फटकळ, आणि एकदा डोक्यात घेतले की ऐकणार नाही. दोघांतही आदर्श म्हणावे असे काही नाही. तरीही ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता अशी माणसे शेजाऱ्याच्या दारात उभी राहून त्यांना पाहत, असे आमच्या आधीची पिढी सांगते.

असे का झाले? आमच्या समजुतीप्रमाणे कारण साधे आहे. दोष दिसला की माणसाची ओळख पटते. गुणांच्या बाबतीत सगळे सारखेच बोलतात; भित्रेपणा मात्र ज्याचा त्याचा वेगळा असतो. साहेबासमोर मान डोलवणारा आणि घरी येऊन आवाज चढवणारा चिमणराव आम्ही प्रत्येक कारखान्यात पाहिला आहे. त्याला पडद्यावर पाहून प्रेक्षकाला हसू येते, आणि हसता हसता तो स्वतःलाही थोडे ओळखतो. हे काम आदर्श नायक करू शकत नाही. त्याला नमस्कार करून आपण मोकळे होतो.

प्रत्यक्षातही माणूस असाच मिश्र असतो. जुलै २०२१ मध्ये महाडात पुराचे पाणी शिरले, त्याच दिवशी, २२ तारखेला, तळिये गावावर दरड कोसळली. ते दिवस आपणांपैकी कोणी विसरला नसेल. पाणी ओसरल्यावर घरोघर गुडघाभर चिखल होता. आमच्या ओळखीचा एक गृहस्थ आहे. दारूचा नाद, उसनवारीची सवय, गल्लीत कोणाशी धड बोलणे नाही. त्या दिवसांत हा मनुष्य फावडे घेऊन ज्यांच्याशी भांडण होते त्यांच्याही घरातला चिखल उपसत होता. मागाहून तो सुधारला काय? नाही. दारू पुन्हा सुरू झाली, उसनवारीही सुरू झाली. पण त्या आठ दिवसांतला तोही तोच आणि नंतरचाही तोच. मालिका लिहिणाऱ्याला असा माणूस सापडला तर त्याने तो सोडू नये. त्याला शेवटच्या भागात सज्जन करून टाकण्याचीही घाई करू नये.

इथपर्यंत बहुतेक श्रोते आमच्याशी सहमत होतील. आता थोडे अडचणीचे बोलतो.

सदोष पात्रावर प्रेम करावे हे खरे. पण त्याच्या दोषाचे बिल कोण भरते, हे पाहावे की नाही? चिमणरावाची फजिती होते तेव्हा ती मुख्यतः चिमणरावाचीच होते. बेत त्याचा, आणि तोंडघशी पडणाराही तोच. म्हणून आपण निर्धास्त हसतो. पुढे २००१ साली याच प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका केदार शिंदे यांनी केली. तिथे स्वतः प्रभावळकर आबा झाले. टिपऱ्यांच्या घरात प्रत्येकाचे काही ना काही चुकते, आणि म्हातारे आबा ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवतात. पण हिशेब घरातल्या घरात, एकाच ताटात फिटतो. आज मुलाचे चुकले, उद्या सुनेचे, परवा खुद्द आबांचे. कोणा एकाच्या डोक्यावर सगळ्यांच्या दोषाचा भार पडत नाही. त्या घराचा गोडवा आमच्या मते इथे आहे.

आता २०१६ साली सुरू झालेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ घ्या. ती २०२१ पर्यंत, म्हणजे साडेचार वर्षे चालली. गुरुनाथ सुभेदार हा चांगल्या नोकरीतला गृहस्थ. नागपूरकडून लग्न होऊन आलेली, तिकडच्या बोलीत बोलणारी राधिका ही त्याची बायको. घरी मुलगा. आणि बाहेर शनाया. दोन ठिकाणी दोन थापा मारताना गुरुनाथची जी तारांबळ उडते, तीवर मालिकेचा विनोद उभा आहे. अभिजीत खांडकेकर यांनी ती तारांबळ झकास वठवली आणि लोक हसले. आम्हीही हसलो. परंतु इथे बिल कोणाच्या नावावर फाटते? खोटे गुरुनाथचे, आणि झोप राधिकेची उडते. थाप त्याची, आणि संसार सावरण्याची जबाबदारी तिची. अनिता दाते यांची राधिका हातपाय गाळून बसत नाही. मसाल्याचा धंदा उभा करते, नवऱ्याला धडा शिकवते. म्हणून मालिका आम्हांला पूर्णपणे नापसंत नाही. तिने गुरुनाथला फुकट सोडले नाही. पण प्रेक्षकांनी त्याला किती स्वस्तात सोडले, याचे आम्हांला नवल वाटले.

त्या काळात महाडला चहाच्या टपरीवर, एस.टी. स्थानकावर, पाळी सुटलेल्या माणसांच्या घोळक्यात आम्ही या मालिकेवरची मते पुष्कळ ऐकली. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. एकाच प्रकरणात दोघे सामील, पण गुरुनाथविषयी बोलताना लोक म्हणत, “घसरला बिचारा.” शनायाविषयी बोलताना म्हणत, “ती भवानी!” एकाला बिचारा आणि दुसरीला भवानी. शनाया आळशी आहे, पैशाची हावरी आहे, हे सारे कबूल. परंतु संसार शनायाने मांडलेला नव्हता. वचन मोडले ते गुरुनाथने. मग शब्दांतला हा फरक कुठून आला? म्हण आहे ना, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. गुरुनाथ आपला वाटतो, कारण तो मिळवता आहे, घरचा कर्ता आहे, आणि हातातला रिमोटही बहुधा घरच्या कर्त्याच्याच हाती असतो.

म्हणजे दोष असण्याची एक सवलत असते, आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही. आमच्या आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा हाच आहे.

आणखी एक पायरी खाली उतरून पाहू. या मालिकांतल्या घरांत जी माणसे राबतात, म्हणजे घरकामाची बाई, रखवालदार, ड्रायव्हर, त्यांच्या वाट्याला दोष येतात काय? आमच्या पाहण्यात दोनच तऱ्हा आल्या. एक तर मालकासाठी जीव टाकणारा इमानी नोकर, नाहीतर हसण्यापुरता ठेवलेला वेंधळा. ‘रात्रीस खेळ चाले’ ही आपल्या कोकणातली, सिंधुदुर्गात घडणारी मालिका. ती विनोदी नव्हे, भयकथा. पण तिच्यातही हसवण्याचे काम कोणाकडे दिले? नाईकांच्या घरचा गडी पांडू याच्याकडे. प्रल्हाद कुडतरकर यांनी तो इतका जिवंत केला की त्याचे ते विसरणे घराघरांत नकलेचा विषय झाले. नटाला आमचा नमस्कार. तरी प्रश्न उरतो. त्याच मालिकेत अण्णा नाईक जुलमी, बाईबाज, आणि तरीही लोकांना हवाहवासा. अण्णांच्या दोषाला मागे-पुढे इतिहास आहे. त्यांच्यासाठी म्हणून २०१९ साली दुसरे पर्व निघाले आणि मागच्या काळातली कथा सांगितली गेली. पांडू का विसरतो, त्याच्या डोक्यात काय चालते, त्याला राग कशाचा येतो, यासाठी कोणी पर्व काढील काय? मालकाच्या दोषाची कथा होते आणि गड्याच्या दोषाची नक्कल होते.

याला आक्षेप असा येईल की, मालिका बघणारे मध्यमवर्गीय, जाहिराती त्यांच्यासाठी, म्हणून पात्रेही त्यांचीच. हे अर्धे खरे आहे. कारण दुसरे करून दाखवलेले आहे. १९८६ साली दूरदर्शनवर ‘नुक्कड’ नावाची हिंदी मालिका लागे. सईद मिर्झा आणि कुंदन शहा यांनी ती केली होती. तिच्यात बंगला नाही, दिवाणखाना नाही; एका शहरातला कोपरा, आणि त्यावर जमणारी माणसे. विजेची कामे करणारा गुरू, सायकल दुरुस्त करणारा हरी, चहा-खाण्याचे दुकान चालवणारा कादरभाई, भीक मागणारा घनशू, आणि सदा झिंगलेला खोपडी. सगळे कामकरी आणि सगळे सदोष. कोणी तापट, कोणी लबाड, कोणी कर्जबुडवा. लिहिणाऱ्याने त्यांना संत केले नाही आणि विदूषकही केले नाही.

ही मालिका आम्ही पहिल्यांदा गिरणगावात, लालबागच्या एका चाळीत पाहिली. वय सोळा. पोलादपूर-महाडकडची किती माणसे त्या चाळींत गिरण्यांच्या जिवावर राहत, हे इथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला होता, आणि चार वर्षांनंतरही हजारो लोकांचे काम परत मिळालेले नव्हते. चुलत्यांच्या शेजारच्या खोलीत टीव्ही होता, आणि दारापर्यंत माणसे दाटून बसत. खोपडी झोकांड्या खात आला की पोरे हसत. त्या खोलीत असा एक माणूस असे की जो संपाआधी पीत नव्हता आणि संपानंतर पिऊ लागला होता. खोपडीला पाहून तोही हसे; पण कधी कधी मध्येच थांबे. त्याला कोणी काही म्हणत नसे. पण आपल्यासारखा माणूस पडद्यावर आला आहे, लोक त्याला हसतात आणि तरी त्याला कोपऱ्यावरून हाकलून देत नाहीत, हे त्याने पाहिले. समीर खक्कर या नटाने खोपडीची कीव मागितली नाही. त्याने त्याला माणूस म्हणून उभा केला. कामकरी माणसाच्या दोषाला इतकी जागा देणारी मालिका त्यानंतर आम्हांला क्वचितच भेटली.

आता कोणी म्हणेल, पडद्यावरच्या सवलतीचे एवढे काय? पडद्यावरची सवय हातात उतरते, म्हणून. आमच्या कामातले एक उदाहरण सांगतो. २०१८ सालची गोष्ट आहे. कारखान्याचे आणि माणसांचे नाव सांगण्याचे कारण नाही. रात्रपाळीला पहाटे तीन वाजता एक कामगार झोपलेला सापडला. रसायनाच्या कारखान्यात झोप लागणे ही लहान चूक नव्हे. त्यात दहा जणांचा जीव जाऊ शकतो. युनियनने ते नाकारले नाही. परंतु त्या माणसाची सतरा वर्षांची नोकरी होती, मागे एकही ठपका नव्हता, आणि बदली कामगार न आल्यामुळे तो सलग दुसरी पाळी करीत होता. व्यवस्थापनाचे म्हणणे एकच, माणूस बेजबाबदार आहे, कामावरून काढा. दुपारी चहाची सुट्टी झाली तेव्हा चौकशीला बसलेले साहेब याच गुरुनाथाविषयी मोठ्या आपुलकीने बोलत होते. “वाईट नाही हो तो, घसरतो बिचारा.” साडेचार वर्षे रोज घसरणारा तो बिचारा, आणि सतरा वर्षांत एकदा डोळा लागलेला तो बेजबाबदार.

त्या साहेबांना आम्ही दुष्ट समजत नाही. त्यांनी गुरुनाथाला रोज पाहिले होते. तो घरी कसा असतो, एकटा असताना तोंड कसे पाडून बसतो, हे त्यांना माहीत होते. कामगाराचा त्यांना फक्त बिल्ला नंबर माहीत होता. ज्याची गोष्ट ठाऊक असते त्याचा दोष हा दोषच राहतो. ज्याची गोष्ट ठाऊक नसते त्याचा दोष म्हणजेच तो माणूस ठरतो. अखेर त्या कामगाराला काही दिवसांच्या निलंबनाची शिक्षा झाली आणि नोकरी राहिली. ते कसे झाले? आम्ही त्याची गोष्ट सांगितली, म्हणून झाले. युनियनचे निम्मे काम गोष्ट सांगण्याचेच असते.

हे काही केवळ दयेचे तत्त्व नाही. कायद्यानेही ते मानले आहे. १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम घातले गेले. त्यापूर्वी चौकशी रीतसर झाली असली की मालकाने दिलेल्या शिक्षेत न्यायाधिकरणाला फारसा हात घालता येत नसे. ११-अ ने सांगितले की, गुन्हा शाबीत झाला तरी बडतर्फीची शिक्षा त्या मानाने योग्य आहे काय, हे न्यायाधिकरणाने पाहावे आणि वाटल्यास ती कमी करावी. तो जुना कायदा आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला आहे. तरी हे तत्त्व तिच्यातही आहे. दोष शाबीत आहे, शिक्षाही आहे, पण दोषाएवढीच. चांगल्या विनोदी लेखकाने आपल्या पात्राला आणखी वेगळा कोणता न्याय द्यावयाचा असतो?

आणि हा विचार महाडला नवा असण्याचे कारण नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. आम्ही गुणवान आहो म्हणून पाणी द्या, असे त्यांनी म्हटले नाही. माणूस आहो म्हणून हा आमचा हक्क, असे म्हटले. माणसाने आधी सद्गुणी होऊन दाखवावे, मग त्याला माणूस समजू, ही अट ज्याच्यावर लादली जाते त्याचे काय हाल होतात हे या गावाने पाहिले आहे. मालिकांचा विषय त्या मानाने फार लहान. पण इमानी असलास तरच तुला कथेत जागा, ही नोकराच्या पात्रावरची अट त्याच जातीची आहे, असे आम्हांला वाटते.

याचा अर्थ असा कोणी करू नये की, कामकऱ्याचे सगळे दोष पोटात घालावेत. बायकोवर हात उगारणारा कामगार आमच्या कचेरीत सभासद म्हणून येतो तेव्हा त्याच्या नोकरीसाठी आम्ही भांडतो. पण त्याच्या घरी जाऊन बोलतोही. त्याच्या दोषाचे बिल त्याची बायको भरते, हे आम्ही विसरत नाही. पोलादपूरकडच्या गावांत अशा बाया आहेत की, नवरा मुंबईला, पैसे कधी येतात कधी नाही, आणि शेत, गुरे, म्हातारी माणसे सगळे एकटीच्या अंगावर. त्या नवऱ्याची मालिका केली तर ती खूप हसवील यात शंका नाही. आम्ही ती आवडीने पाहू. फक्त तिच्यात त्या बाईचीही चिडचिड, तिचाही हट्ट, तिचीही एखादी लबाडी आली पाहिजे. ती नुसती सोशिक दाखवली, तर तिला आणखी एकदा राबवून घेतले असे होईल.

तेव्हा श्रोतेहो, आमची विनंती एवढीच. मालिका पाहा, मनसोक्त हसा. मुले शेजारी बसली असली तरी भिऊ नका. सदोष माणूस पाहून मुले बिघडत नाहीत. मात्र पाहताना त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला, याच्या चुकीचे कोणाला सोसावे लागले? दुसरा, हीच चूक त्या घरातल्या मोलकरणीने केली असती तर आपण हसलो असतो काय? उत्तर तुम्ही सांगू नका. मुलांनाच सांगू द्या. आम्ही हा प्रयोग आमच्या घरी करून पाहिला आहे. जाहिराती लागतात तेवढ्या वेळात चर्चा पुरी होत नाही, आणि मालिका पुन्हा सुरू झाल्याचे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

मघाच्या आमच्या स्नेह्यांना पोलादपूरची शेवटची गाडी गाठावयाची आहे, म्हणून इथेच थांबतो.